वरची खोली

“फ्री कॅन्सलेशनवालंच कर हं,” सोफ्यावर आडवा पडलेला विश्राम म्हणाला. डोळे मिटलेलेच होते.

“तेच बघतेय,” सुनेत्रा म्हणाली.

चार वर्षं तेच बघत होती बिचारी. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, शेजारी गार झालेला चहा, आणि स्क्रीनवर कुस्को. पेरू देशातलं, अँडीजच्या डोंगरांतलं, इंका राजांचं जुनं शहर. तिथल्या दगडी भिंती म्हणे चुन्याशिवाय उभ्या आहेत, दोन दगडांच्या मधे सुरीचं पातं शिरत नाही. सुनेत्राला त्या भिंतीवर एकदा हात ठेवायचा होता, बस्स. हॉटेल साधंसं चाललं असतं. नाश्त्याला पाव आणि अंडं मिळालं तरी खूप झालं.

तसं हॉटेल ठरलेलंच होतं. मधे चौक आणि भोवती खोल्या असलेलं, एका म्हाताऱ्या बाईंचं. सगळ्यात स्वस्त खोली अगदी वर, गच्चीला लागून. खिडकीतून अख्ख्या गावाची लाल कौलं दिसायची आणि पलीकडे डोंगर. पण लिफ्ट नव्हती, आणि विश्रामला दोन जिने चढले की धाप लागते. म्हणून सुनेत्रा दरवर्षी तळमजल्यावरची खोली घ्यायची, स्वयंपाकघराशेजारची, खिडकी नसलेली. आणि दरवर्षी ती कॅन्सल करायची. कारण ऐनवेळी विश्राम म्हणायचा, “नाशिकला आईचं काही सांगता येत नाही गं. रजा हाताशी असलेली बरी.” आता यावर बोलणार काय, कपाळ? सासूच्या दुखण्याशी हुज्जत घालायची सोय नसते. मग हाताशी ठेवलेली ती रजा विश्राम याच सोफ्यावर झोपून काढायचा, आणि सुनेत्रा मनातल्या मनात सासूबाईंवर चरफडत राहायची.

आज क्रेगीबर्नमध्ये, त्यांच्या या परदेशातल्या गावात, ऊन असं की पडदे ओढूनही घर तापलेलं. आठवडाभर चाइल्डकेअरमध्ये दुसऱ्यांची मुलं उचलून तिची कंबर धरली होती. तळमजल्याच्या खोलीवर तिने क्लिक करायला घेतलं, तेवढ्यात विश्रामचा फोन वाजला. नाशिकहून सासूबाई. विश्रामने पडल्यापडल्या हाताने खूण केली, तूच घे. तिने फोन स्पीकरवर टाकला.

“काय करत्येस गं सुनेत्रा?”

“ते कुस्कोचं हॉटेल बघतेय, आई.”

“अगोबाई! या वर्षी तरी जमव बाई. दरवर्षी तुला उंचीवर त्रास होईल म्हणून राहून जातं ना? विश्राम सांगतो मला. त्याच्यावर गोळ्या असतात म्हणे. पोराला केवढी हौस आहे, तेवढी पुरी कर.”

सुनेत्राने सोफ्याकडे पाहिलं. विश्रामचे डोळे उघडले होते.

“तुमची तब्येत कशी आहे, आई?”

“मला काय धाड भरलीये? आत्ताच भाजी घेऊन दोन जिने चढून आले. माझ्यासाठी अडून राहू नका हो, मी ठणठणीत आहे.”

फोन ठेवला गेला.

“मला उंचीवर त्रास होतो?” सुनेत्राने विचारलं. लग्नाआधी दर रविवारी कुठला ना कुठला गड चढणारी बाई ती! आवाज चढवायचं त्राण तिच्यात नव्हतं, पण राग आला होता, चांगला सणसणून आला होता. चार वर्षं त्या म्हातारीला उगाच मनात बोल लावले, याचा तर जास्तच.

विश्राम उठून बसला. “सॉरी,” म्हणाला. “मला कुठेच जायचं नसतं गं. दमलेला असतो मी. रजा मिळाली की वाटतं, आता कुणी उठवू नये. पण तू एवढ्या हौसेने बघत बसायचीस. तोंडावर नाही म्हणवेना.”

“म्हणून आईंचं दुखणं काढलंस.”

“हो.”

“आणि त्यांच्यापुढे माझं.”

खरं सांगायचं तर तिला त्याची कीवही आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खांदे पडलेले, कॉम्प्युटरपुढे बसून बसून ऐन पन्नाशीत पोक आलेलं. अरे, पण मग पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंस? हे ती त्याला विचारणार होती, पण विचारायचाही कंटाळा आला.

“झोप तू,” ती म्हणाली. आणि अगदी मनापासून म्हणाली.

तिने लॅपटॉप पुढे ओढला. तळमजल्याची खोली सोडून वरच्या खोलीवर आली. खाली दोन पर्याय होते. एक नेहमीचा, हवं तेव्हा रद्द करा. दुसरा थोडा स्वस्त, पण पैसे परत मिळणार नाहीत. तिने दुसरा निवडला आणि कार्ड काढायला पर्स जवळ घेतली.

विश्राम पाणी प्यायला उठला होता. जाताजाता तिच्या खुर्चीमागे थांबला, स्क्रीनकडे वाकून बघू लागला.

“अगं, ही वरची खोली आहे,” तो म्हणाला. “तिथे लिफ्ट नाहीये ना?”

“मला कुठे लागते लिफ्ट?” सुनेत्रा म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.