छत्र्यांचा लेख

छत्र्यांचा खप वाढला की पाऊस पडतो, असं त्या लेखाचं म्हणणं होतं. प्यो थे-उंगने पहिलं पान पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला. अर्थशास्त्राच्या नामांकित त्रैमासिकाने लेख त्याच्याकडे परीक्षणाला धाडला होता. लेखकाचं नाव रिवाजाप्रमाणे झाकलेलं. परीक्षक कोण, हे लेखकालाही कळणार नव्हतं. म्हणजे लेख बेधडक केराच्या टोपलीत टाकायला हरकत नव्हती.

पण पानोपानी एक वाक्य होतं: 'हे उघडच आहे.' थे-उंगला घाम फुटला. ही तर मेंग सरांची लकब. सरांच्या पुस्तकावर सोलमधल्या दोन पिढ्या शिकल्या होत्या, आणि थे-उंगला विद्यापीठात ठेवायचं की नारळ द्यायचा, हे याच महिन्यात सर ठरवणार होते. ती लकब त्यालाही चिकटली होती. दूध संपलं का, असं बायकोने विचारलं तरी तोंडातून तेच निघायचं. "त्यापेक्षा मेंग सरांशीच लग्न केलं असतं," ती म्हणायची, "निदान मूळ प्रत तरी मिळाली असती."

त्याने मन घट्ट करून शेरा लिहिला: अपूर्व लेख, तातडीने छापावा.

काही दिवसांनी सरांनी त्याला रस्सा-भात खायला नेलं. सरांनी सोजूची दारू ओतली. थे-उंगने दोन्ही हातांनी पेला धरला आणि अदबीने तोंड बाजूला वळवून रिकामा केला.

"तो छत्र्यांचा लेख माझ्याकडेही आला होता, परीक्षणाला," सर म्हणाले.

थे-उंगच्या जेवणाच्या काड्यांमधला मुळ्याचा तुकडा रश्श्यात पडला.

"वाचताक्षणी ओळखला. 'हे उघडच आहे' म्हणणारे या देशात आपण दोघंच. आपलं पोर म्हणून डोळ्यांवर कातडं ओढून पास केला. पण असलं लिहिणाऱ्याला कुठल्या तोंडाने विद्यापीठात ठेवू रे?"

थे-उंगला रडायचंच बाकी राहिलं. "सर, आईशपथ, तो लेख माझा नाही."

सरांनी चमचा टेबलावर आपटला. आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"मग काय माझा आहे?"

इथे चाचरून चालणार नव्हतं. लेख सरांचा असूच शकत नाही, असं तसूभरही शंका न ठेवणारं ठाम उत्तर हवं होतं. थे-उंगने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि मान झुकवली.

"हे उघडच आहे, सर."