नऊशे आठवी नोंद

इस्पितळाच्या नोंदी तीन शहरांतल्या तीन कॉम्प्युटरांत साठत. तिघांची घड्याळं काही केल्या जुळत नसत, म्हणून ते कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ताईनेच क्रमांकाचा नियम बसवला होता: आधीची नोंद पाहिल्याशिवाय कुठल्याही नोंदीला पुढचा क्रमांक मिळायचा नाही.

वडील गेल्यावर महिन्याभराने, भर दुपारी ऑफिसात, तिने त्यांची फाइल उघडली ती धाकट्या भावाला उघडं पाडायला. तिला न विचारता त्याने उपचार थांबवायच्या कागदावर सही ठोकली होती.

“अगं, बाबांना शुद्धच नव्हती,” तो फोनवर म्हणाला. “नर्सला बोलवायची उशाजवळची बेलसुद्धा वाजवली नाही त्यांनी.”

“वर तोंड करून सांगतोस? थांब, तुझं पितळच उघडं पाडते!”

तिने फाइल उघडल्याची नोंद पडली: ९०७. लगेच खाली ९०८ उमटली: खाट चार, बेल. बाबांचीच खाट. वेळ मात्र बाबा गेले त्या सकाळची, सहीनंतर दोन मिनिटांची.

म्हणजे तिच्याच नियमाप्रमाणे महिन्यापूर्वीच्या त्या बेलने तिची आजची नोंद पाहिली होती.

“खोटारड्या!” तिने भावाविरुद्धची तक्रार नोंदवली. ९०९. खाली ९१०: बेल.

तिने कीबोर्डवरून हात उचलला. तरी ९११ आली, ९१२ आली, तिन्ही शहरांत, सगळ्या त्याच सकाळच्या.

“खरं सांग. वाजली होती ना बेल?”

भाऊ रडवेल्या आवाजात म्हणाला,

“मघापर्यंत वाजली नव्हती गं, ताई. आता आठवतेय... थांबतच नव्हती.”