चाकांचा माग

धूर निवळला तेव्हा यंत्र माळाच्या पलीकडच्या टोकाला एका पंखावर कलून उभं होतं. मुलगी आपल्या पायांनी बाहेर आली. ते पाहिल्यावरच तिच्या बापाने श्वास सोडला.

“उडालं का?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“धूर उडाला की झकास!” मुलीचा काका म्हणाला. लोक हसले.

इंजिन काकाच्या पिठाच्या गिरणीचं होतं. आज यंत्र उडालं नाही तर इंजिन गिरणीत परत आणि पंख चुलीत, असं बापाने ठरवून टाकलं होतं. तो सुतार. जन्मभर गाड्यांची चाकं केलेला. या यंत्राचीही त्यानेच केली, ती मात्र मनात एकच धरून, की पोर जमिनीवर राहावी.

मुलगी धापा टाकत आली. तोंडभर काजळी.

“बाबा, मला कळलंच नाही. मध्येच खडखड थांबली. वाटलं, कान बसले.”

“इंजिन बंद पडलं असणार,” काका म्हणाला.

“नाही काका, इंजिन चालूच होतं. चाकांची खडखड थांबली.”

“बरं बाई. आता पाना आण. माझं दळण खोळंबलंय.”

 बाप चाकांच्या मागावरून चालू लागला.

परवाच्या पावसाने जमीन अजून ओली होती. दोन चाकांचे दोन माग आणि मधोमध शेपटीची ओढलेली रेघ. आधी ती रेघ संपली. शेपूट उचललं गेलं होतं, त्यात नवल नव्हतं. मग चाकांचे माग उथळ होत गेले. जणू चालत्या गाडीतलं ओझं कुणीतरी हळूहळू उतरवून घेत होतं. डावा माग संपला. जरा पुढे उजवाही.

त्यापुढे काहीच नव्हतं. कोरी माती. जिथून चाक जायला हवं होतं, तिथून एक गोगलगाय सावकाश चालली होती. दोन गाड्या मागेपुढे उभ्या राहतील एवढ्या अंतरावर माग पुन्हा सुरू झाले होते. एकदम खोल.

बाप तिथेच उभा राहिला. मागे लोक इंजिनावरून वाद घालत होते. इकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पायाने माती जराशी विसकटली की माग कुठे तुटला ते कुणालाही कळणार नव्हतं. पोर घरी राहील. म्हातारी होईल.

त्याने पाय उचलला. गोगलगायीने शिंगं आत घेतली. पाय तसाच अधांतरी राहिला. मग त्याने तो हळूच मागे घेतला.

“काय सापडलं रे दादा?” काका लोकांना घेऊन इकडेच येत होता. मुलगीही मागोमाग होती, हातात पाना घेऊन.

बापाने दोन्ही हात आडवे पसरले.

“तिथेच थांबा! कुणी पाय देऊ नका. इथपासून तिथपर्यंत माझी पोर जमिनीवर नव्हती.”