सर, हळू

थोरल्या मुलीचं लग्न ज्या वर्षी मोबाइलवर बघावं लागलं, त्याच वर्षी सरांचं कॉलेजही मोबाइलवर भरत होतं. साठ काळ्या चौकोनांपुढे ते तासभर घसा कोरडा करायचे. समोरून हूं नाही की चूं नाही. फक्त सतरा नंबरची मुलगी दर दोन वाक्यांनी लिहून पाठवायची, ‘सर, हळू.’

“हिच्यापायी धडा पुढे सरकत नाही,” ते बायकोपाशी करवादायचे.

“ऐकतंय ना कोणीतरी? मग सांगा की हळू.”

एके दिवशी त्यांचा तोल सुटला. “अगं, तू पदवीला आहेस की पहिलीला?”

त्यानंतर ‘सर, हळू’ आलंच नाही. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणत सरांनी उरलेले धडे भराभर उरकले.

कॉलेज उघडल्यावर सतरा नंबरची मुलगी वही तपासून घ्यायला आली. मोठाली, वाकडीतिकडी अक्षरं, तीही निम्म्या वहीपर्यंतच.

“पुढचं कुठाय?”

“सर, मी तेव्हा कारखान्यात कामाला असायचे. आई ऐकून लिहून ठेवायची. आदल्याच वर्षी अक्षरं शिकली होती.”

सरांनी शेवटची ओळ वाचली: ‘अगं तू पदवीला आहेस की पहिलीला.’

आई त्या तासानंतर तिसऱ्या दिवशी तापाने गेली.