माहूर सापडेपर्यंत

त्रिविक्रम सरांनी अवधूतची फ्लॉपी घातली, त्यानं लिहिलेलं प्लगइन उतरवून घेतलं आणि एफ-नाइन दाबलं. स्क्रीनवर ओळ आली: ‘अवधूत’ हे फोल्डर सापडत नाही.

"नाहीच सापडणार," सर म्हणाले. "हे माझं मशीन आहे रे."

मागच्या मशीनवरची सुचेता खुदकन हसली. अवधूतचे कान तापले. स्वतःच्या फोल्डरचं नाव त्यानं थेट कोडमध्येच लिहिलं होतं. डिग्री नाही, पुस्तकं चाळून शिकलेला, ट्रायलवर घेतलेला. प्लगइननं एवढंच करायचं होतं: कोड लिहायच्या एडिटरमध्ये कुठलीही फाइल उघडी असो, बटण दाबलं की तिचा अख्खा प्रोजेक्ट कंपाइल होऊन चालायला तयार. आज हे चाललं तरच नोकरी पक्की.

"बदलतो सर."

उभ्याउभ्याच त्यानं एक ओळ बदलली. आता एडिटर जिथून सुरू झाला ते फोल्डर घेईल.

पुन्हा एफ-नाइन. ‘इथे प्रोजेक्ट नाही.’

खरंच नव्हता. एडिटर एकीकडे, सरांचं काम भलतीकडेच.

"सरी, चहा घे स्वल्प." सरांचं घराणं तीन पिढ्या बंगळुरातलं, मराठीत कानडी मिसळायचीच. "तू कुठला रे?"

"के. आर. पुरमला राहतो."

"ती खोली झाली. वडील कुठले?"

"नागपूर."

"आजोबा?"

"उमरेडकडचे."

"कुलदैवत?"

"माहूरची रेणुका."

"हां! आमची आई पाहुण्याला असंच विचारत वर वर जाते. माहूर नाहीतर तुळजापूर सापडलं की मगच गप्प."

अवधूतनं कप खाली ठेवला.

"सर, उठता का जरा?"

खुर्चीत बसला आणि टाइप करत सुटला. उघडी फाइल कुठल्या फोल्डरात? तिथं प्रोजेक्टची फाइल आहे? नाही. मग वरच्या फोल्डरात? नाही. त्याच्या वरच्या?

"आणि पार वर जाऊनही नाही सापडली तर?" सरांनी खांद्यावरून विचारलं.

"तर तसं सांगायचं. मनानं कुठलंही गाव ठोकून द्यायचं नाही."

सरांनी मुद्दाम अगदी आतली एक फाइल उघडली. एफ-नाइन.

क्षणभर काहीच नाही. मग कंपाइलच्या ओळी झरझर सरकायला लागल्या.

"ए, माझ्याही मशीनवर टाक ना," सुचेता उठून आली.

सरांनी कीबोर्ड पुढे ओढला, आपल्याच मशीनवर एक नवीन फोल्डर केलं आणि एका बोटानं नाव टाइप केलं: अवधूत.