मुकादमाचं घड्याळ

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावच्या रस्त्यावर आम्ही बाया खडी फोडत होतो. वरून हुकूम आला, उन्हामुळं काम तासभर आधी लावा आणि तासभर आधी सोडा. घड्याळ एकट्या आप्पासाहेब मुकादमाकडं. मेला सकाळी काटा तासभर पुढं करायचा आणि दुपारी गुपचूप परत मागं घ्यायचा, म्हणजे रोज तासभर फुकट राबणं आमच्या माथी. तोंड उघडलं, की दुसऱ्या दिवशी काम बंद.

वैशाखात त्याच्याच पोरीचं लग्न निघालं. मुहूर्त जवळ आला, तशी भटजींनी वेळ विचारली. मुकादमानं व्याह्यांसमोर ऐटीत मनगट पुढं केलं.



बायकांतून आमच्यासंगं खडी फोडणारी कडूबाई कडाडली, "भटजी, आधी इचारा त्येला, ह्यो काटा सकाळचा हाय का दुपारचा?"