भरीव जहाज

१९४२ सालच्या उन्हाळ्यात, शिंदखेड्यात, दुपारी तीन वाजता रूपचंद सुताराने घडवलेल्या हातभर लांबीच्या मालवाहू जहाजातून ठोके ऐकू आले. थोरला भाऊ वना ज्या बोटीवर कोळसा ओढायला गेला होता, तिच्या फोटोवरून रूपचंदने ते सागाच्या एकाच ओंडक्यातून कोरलं होतं.

वनाची बायको भिकुबाई धावत आली. जहाजाला कान लावून आतला आवाज ऐकत म्हणाली, "भाऊ, मझार कोनी शे!"

"वहिनी, भरीव लाकूड शे. मझार मुंगीले बी जागा नही."

ठोके वाढले. जहाज थरथरू लागलं.

"तुमना दादा दार असंच ठोकतस! फोडा, भाऊ!"

रूपचंदने लाकूड तासायचा वाकस उचलून घावावर घाव घातले. तिसऱ्या घावाला ठोके थांबले. चौथ्याला जहाज दुभंगलं. आत नुसतं लाकूड होतं.

वाकसाच्या पात्यावरून रक्त ठिबकत होतं. रूपचंदने आपली बोटं चाचपली. सगळी शाबूत होती.